जखम नव्हती, मग मेलं कशानं? : बालाघाटावरच्या एका मुलीच्या शिक्षणनिवडीचा प्रकरण अभ्यास

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. दर वर्षी बारावीच्या वर्गात दोन-तीन मुलं तरी अशी निघतात, ज्यांना ‘प्राण्यांचं काहीतरी’ करायचं असतं. बहुतेकांचं ते ‘काहीतरी’ निकाल लागेपर्यंत विरून जातं. नेमकं कुठं जायचं, कोणता अर्ज भरायचा, हे सांगणारं जवळ कुणी नसतं, आणि आम्हा शिक्षकांनाही सगळं ठाऊक असतंच असं नाही. एका मुलीचं प्रकरण मात्र मी पहिल्यापासून जवळून पाहिलं. त्यात माझ्या हातून झालेली एक मोठी चूकही आहे. तिला विचारून, तिच्या घरच्यांना वाचून दाखवून हे लिहिते आहे. नाव देत नाही. तीन बहिणींत ती मधली, म्हणून घरी तिला सगळे मधलीच म्हणतात. इथंही तसंच म्हणू.

घर आणि लांडगा

धनगराचं घर. साठेक मेंढरं, बावीस शेळ्या, एक बैलजोडी आणि वाड्यावर, म्हणजे कळपाच्या फिरत्या मुक्कामावर, चार कुत्री. दिवाळी झाली की तिचे अण्णा कळप घेऊन बालाघाटाच्या पठारावरून गंगथडीला, म्हणजे गोदावरीकाठच्या पट्ट्यात, उतरतात. तिथल्या शेतांत रात्री मेंढरं बसवायची, त्या खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे आणि पावसाच्या तोंडावर परत वर यायचं. मधली आणि तिच्या बहिणी शाळेसाठी आज्जीजवळ गावात राहायच्या, सुट्टीत वाड्यावर जायच्या.

लांडगा तिला पुस्तकात भेटलेला नाही. ती आठवीत असताना ऐन थंडीत ओढ्याच्या कडेला लांडगीचं बीळ सापडलं, आत चार पिल्लं होती. दोनच दिवसांपूर्वी एक कोकरू गेलेलं होतं, त्यामुळं चुलते बिळात धूर करायला निघाले. आज्जानं त्यांना थांबवलं. “पिल्लं तिची हायती, मेंढरं आपली. आपुन सरकू,” एवढंच म्हणाला आणि वाडा दोन कोस पलीकडं हलवला. लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारणं हा गुन्हा आहे, हे आज्जाला माहीत असायचं कारण नव्हतं. मधलीनं ही गोष्ट मला अकरावीत सांगितली आणि लगेच विचारलं, “मॅडम, लांडग्यांवर काम करायचं तर काय शिकावं लागतं?”

मी प्राणिशास्त्राची. माझ्या तोंडून आलं, बीएस्सी प्राणिशास्त्र कर, मग एमएस्सीला वन्यजीव विज्ञान. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था, बेंगळुरूचं राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्र ही नावं मी तिला वहीत लिहून दिली. ती नावं बरोबरच होती. पण जे मला स्वतःला करायचं होतं आणि जमलं नाही, ते मी तिच्या वहीत लिहिलं होतं. हे माझ्या लक्षात यायला जवळजवळ दोन वर्षं गेली.

चुकलेला अर्ज

विज्ञान शाखेतली सगळी मुलं देतात म्हणून तिनंही ‘नीट’ दिली. ते २०२० साल होतं. टाळेबंदीमुळे परीक्षा पुढं जात जात १३ सप्टेंबरला झाली. एमबीबीएसला पुरतील इतके गुण पडले नाहीत. पण पशुवैद्यकीय पदवीचा, म्हणजे बीव्हीएस्सी अँड एएचचा प्रवेशही याच परीक्षेच्या गुणांवर होतो, आणि तिथं ती काठावर का होईना बसत होती. मी म्हटलं, निदान तो पर्याय हातात ठेव.

अण्णांना ते पटलं नाही. तालुक्याला आले होते, तेव्हा कॉलेजच्या पायरीवर बसून म्हणाले, “मेंढरामागं फिरायला पाच वर्सं शिकावं लागतंय व्हय, मॅडम? ते तर आमी अंगठ्यावर करतोय.” हा प्रश्न मला आजही रास्त वाटतो. पिढ्यान्‌पिढ्या जनावरं सांभाळणाऱ्या माणसाला त्याच कामाची पदवी असते हे पटायला वेळ लागणारच. मामाचं म्हणणं वेगळं होतं : वनरक्षकाची भरती निघते, बारावीला विज्ञान आहे, पोरगी धावायला चपळ आहे, सरकारी नोकरी लागेल. त्यातही चुकीचं काही नव्हतं.

शेवटी अर्ज भरायचं ठरलं आणि घात झाला. वैद्यकीय प्रवेशाचा राज्याचा जो अर्ज असतो, त्यातच पशुवैद्यकीयही येतं अशी माझी समजूत होती. तसं नाही. महाराष्ट्रात पशुवैद्यकीय पदवीचे प्रवेश नागपूरचं महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ करतं. त्यांचा अर्ज वेगळा, वेळापत्रक वेगळं, गुणवत्ता यादीही वेगळी. देशपातळीवरच्या पंधरा टक्के जागांची प्रक्रिया आणखी निराळी. आम्ही नेटकॅफेत एक अर्ज भरून निर्धास्त बसलो. विद्यापीठाच्या अर्जाची तारीख उलटून गेल्याचं आम्हाला कळलं, तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मधली काही बोलली नाही. मी मात्र ते वर्ष स्वतःच्या नावावर लिहून ठेवलं आहे.

वाया न गेलेलं वर्ष

त्याच नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारायला सुरुवात केली. लोक तुरीत, कापसात जाईनात, रात्रीचं पाणी द्यायला कुणी तयार होईना. पिंजरे लागले, बाहेरून पथकं आली. तो बिबट्या पुढं करमाळा तालुक्यात गेला आणि डिसेंबरात तिथंच त्याला गोळी घालावी लागली. मधलीच्या मावशीचं गाव त्या पट्ट्यात आहे, त्यामुळं ती काही दिवस तिथं होती. तिनं वनविभागाची माणसं जवळून पाहिली. आल्यावर म्हणाली, “मॅडम, त्यांचा सगळा दिवस माणसं आवरण्यातच जातो. जनावर त्यांना दिसतसुद्धा नाही.”

तिथंच तिला भुलीच्या बाणाबद्दलही कळलं. सिनेमात जनावर बाण लागताच कोसळतं. खरं तर झायलाझीन, केटामाइनसारखी औषधं अंगात भिनायला काही मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात बिबट्या कुठल्या कुठं जाऊ शकतो. मात्रा वजनाच्या अंदाजावर ठरते. अंदाज चुकला तर जनावर अर्धवट शुद्धीत उठतं किंवा उठतच नाही. शिवाय अशा प्राण्याला पकडायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. हे सगळं ती मला फोनवर सांगत होती. आवाजात भीती होती आणि उत्सुकताही.

मग फेब्रुवारीत विहिरीचा प्रसंग घडला. आमच्या गावापासून जवळच एका बिनकठड्याच्या विहिरीत काळवीट पडलं. पाणी कमी होतं. पोरांनी दोर-बाज सोडून त्याला अर्ध्या तासात वर काढलं. पाय बांधले, पाणी पाजायचा प्रयत्न केला, शंभरेक माणसं गोळा झाली, फोटो निघाले. वनरक्षक येईपर्यंत काळवीट बाजेवर पडून होतं. अंगावर खरचटल्याशिवाय काही नव्हतं. तासाभरात ते मेलं.

माझे दोन माजी विद्यार्थी तिथं होते. दोघंही त्या रात्री मला फोन करून बोलले. मुलाचा प्रश्न होता, “मॅडम, आपल्याकडं ही अजून किती उरली असतील? कुणी मोजतं का?” मधलीनं विचारलं, “जखम नव्हती, मग मेलं कशानं?”

अकरावीपासून जे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, ते त्या दोन प्रश्नांनी उलगडलं. मोजायचं कुणाला आहे आणि हात लावून बरं कुणाला करायचं आहे, हे इतकं स्वच्छ पुढ्यात आल्यावर मी दिलेल्या वहीच्या पानाचा काही उपयोग नव्हता.

पर्याय पुन्हा मांडले

त्या आठवड्यात मधली, तिचे अण्णा आणि मी असे तिघं बसलो. या वेळी मी ‘तुला कोणता प्राणी आवडतो’ असं विचारलं नाही. ‘सकाळी उठल्यापासून दिवे लागेपर्यंत तुझ्या हाताला काय काम असावं’ असं विचारलं. एकेका वाटेचा दिवस कसा असतो, ते मला माहीत होतं तेवढं सांगितलं.

वन्यजीव शास्त्रज्ञ ठरलेल्या रेषेवरून मैलोन्‌मैल चालतो, विष्ठा-पाऊलखुणा गोळा करतो, कॅमेऱ्यांतले हजारो फोटो तपासतो आणि मग महिनोन्‌महिने संख्याशास्त्राशी झुंजतो. प्राण्याला हात लावायचा प्रसंग क्वचितच येतो. वनविभागातला माणूस कायदा सांभाळतो. गस्त, वणवा, रोपवण, पंचनामे आणि चिडलेलं गाव हे त्याचं रोजचं. वनरक्षकाला बारावी पुरते, वनक्षेत्रपालासारखी वरची पदं लोकसेवा आयोगाच्या परीक्षांतून भरतात. पशुवैद्यकाच्या दिवसात मात्र जनावर असतंच. ते बहुतेक वेळा गाय, म्हैस, शेळी, मेंढी किंवा कुत्रं असतं, लांडगा नव्हे. वन्यजीवांसाठी पशुवैद्यकांची पदं मोजकी आहेत, हेही मी तिच्यापासून लपवलं नाही.

निर्णयाकडं ढकललं ते एका साध्या गोष्टीनं. पशुवैद्यकाची पदवी असेल तर पुढं वन्यजीव विज्ञानाच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षा देता येतात. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला पशुसंवर्धन व पशुवैद्यक हा पात्रतेचा विषय चालतो. नागपुरात गोरेवाड्याला याच विद्यापीठाचं वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. प्राणिशास्त्राची पदवी घेतलेल्याला मात्र पुढं कधीही जनावरावर उपचार करता येत नाहीत. पशुवैद्यकाकडून वन्यजीवाकडं रस्ता जातो. उलट दिशेनं यायचं तर पुन्हा ‘नीट’पासून सुरुवात. मन पुरतं ठरलं नसेल तर मी आता मुलांना या क्रमानं विचार करायला सांगते.

त्या मुलानं, काळविटं मोजायची होती त्यानं, बीएस्सी प्राणिशास्त्राला प्रवेश घेतला. सध्या तो एमएस्सीला आहे आणि जायकवाडीच्या पाणथळावर पक्ष्यांच्या नोंदी करतो. त्याच्यासाठी तेच योग्य होतं.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एकच विचारलं, “गेल्या साली आंत्रविषारानं अकरा मेंढरं गेली. ते थांबवायचं शिकवत्यात का?” मी म्हटलं, हो, लस कधी द्यायची हे तर शिकवतातच, ती का द्यायची हेही शिकवतात. शिक्षणाची बाजू त्या दिवशी घरात जिंकली ती त्या अकरा मेंढरांमुळं.

दुसरा प्रयत्न

एरवी आमच्याकडची मुलं पुन्हा परीक्षा द्यायची म्हटलं की लातूरला जातात. त्या वर्षी साथीमुळं क्लास बंद-चालू होत राहिले आणि घरची ऐपतही नव्हती. नऊ शेळ्या विकून मोबाइल, पुस्तकं आणि सराव परीक्षांची सोय झाली. वाड्यावर असली की टेकाडावर एका बाभळीखाली नेटवर्क मिळायचं, तिथं ती बसायची.

७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असतात आणि तिथं ती पक्की होती. गळती भौतिकशास्त्रात होती. गावातल्या एका निवृत्त सरांनी आठवड्यातून तीन दिवस तिला भौतिकशास्त्रच शिकवलं, एक पैसा न घेता. मी एवढंच केलं : कागदपत्रांची यादी करून भिंतीला लावली. अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमिलेअर. वैधता प्रमाणपत्राला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून ते काम परीक्षेच्या सहा महिने आधी सुरू केलं. बारावीच्या गुणांत भौतिक, रसायन, जीवशास्त्रासोबत इंग्रजीही धरतात आणि खुल्या प्रवर्गाला या चारांत मिळून पन्नास टक्के लागतात, हेही तेव्हाच तपासून घेतलं. इंग्रजीकडं दुर्लक्ष करणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावं.

१२ सप्टेंबर २०२१ ला परीक्षा झाली. या वेळी विद्यापीठाचा अर्ज पहिल्याच दिवशी भरला आणि प्रत छापून आज्जीच्या ट्रंकेत ठेवली. मराठवाड्यात या पदवीची दोन सरकारी महाविद्यालयं आहेत, परभणीचं १९७२ पासूनचं आणि उदगीरचं १९८७ पासूनचं. तिला परभणी मिळालं. शुल्काचा मोठा भार शिष्यवृत्तीनं उचलला. मेस, पुस्तकं, गमबूट आणि ॲप्रन घरून.

परभणी

साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातलं शेवटचं वर्ष आंतरवासितेचं, म्हणजे इंटर्नशिपचं. पहिल्या सहा महिन्यांत तिचे फोन निराश असायचे. “मॅडम, नुसती हाडं. गायीची हाडं, घोड्याची हाडं. फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरतात. लांडग्याचं नावसुद्धा नाही.” मी तिला धीर दिला, पण तिचं म्हणणं खरं होतं. या अभ्यासक्रमात वन्यप्राण्यांचा भाग थोडा आहे. वाघ-सिंहांच्या ओढीनं इथं आलेली काही मुलं पहिल्याच वर्षी खचतात, आणि त्यांना हे प्रवेशाआधी सांगायला हवं.

२०२२ च्या पावसाळ्यात लम्पी आला. जनावरांच्या अंगावर गाठी, ताप, पायांना सूज. माश्या, डास, गोचिडांमार्फत पसरणारा हा विषाणू देवीच्या विषाणूंच्या कुळातला, म्हणून गायीगुरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचली जात होती. गावाकडून तिला रोज फोन यायचे : आमच्या बैलाला काय देऊ? ती पहिल्या वर्षाला. उपचार सांगायचा तिला अधिकार नव्हता आणि तेवढं ज्ञानही नव्हतं. तिनं प्रत्येकाला तेच सांगितलं : आजारी जनावर वेगळं बांधा, गोठ्यात माश्या होऊ देऊ नका, दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलवा. काही जण रागावले, ‘मग शिकतीस काय’ म्हणाले. अण्णांच्या बैलजोडीतला एक गेला. त्या रात्री ती फोनवर खूप रडली आणि सकाळी प्रात्यक्षिकाला गेली. तिची खरी परीक्षा मला तीच वाटते.

रोगनिदानशास्त्र शिकायला लागल्यावर एके संध्याकाळी तिचा फोन आला. “मॅडम, ते काळवीट कशानं मेलं, सापडलं.” कॅप्चर मायोपथी. भीतीनं आणि जिवाच्या आकांतानं केलेल्या धडपडीनं स्नायूंत आम्ल साठतं, अंग तापतं, स्नायूंच्या पेशी फुटतात. त्यांतून सुटलेली द्रव्यं मूत्रपिंड बंद पाडतात, हृदयाचा ठोका बिघडवतात. जनावर कधी तासाभरात मरतं, कधी सोडून दिल्यावर काही दिवसांनी, आणि लोकांना वाटतं आपण वाचवलं. काळवीट, हरणं यांच्यात हे फार होतं. “त्याचे डोळे झाकायला पाहिजे होते. माणसं हाकलायला पाहिजे होती. पाणी पाजायचं नव्हतं, पाय इतका वेळ बांधायचे नव्हते. वर काढून सावलीत, गप्प, आणि शक्य तितक्या लवकर सोडायचं.” मी तिचं बोलणं लिहून घेतलं. आता दर उन्हाळ्याच्या आधी ते वर्गात वाचून दाखवते, कारण आमच्याकडं कठडा नसलेल्या विहिरी भरपूर आहेत.

वाड्यावरची कुत्री

लांडग्यांचं काय झालं, असं वाचणाऱ्याला वाटत असेल. ते कुत्र्यांच्या वाटेनं परत आले. सूक्ष्मजीवशास्त्र शिकताना तिला कळलं, की कुत्र्यांचे रेबीज आणि डिस्टेंपर हे रोग लांडग्यांनाही होतात. माळावर कळपामागची कुत्री आणि लांडगे एकाच पाणवठ्यावर येतात, मेलेल्या एकाच जनावराला तोंड लावतात. लांडग्यांचा आधीच लहान असलेला कळप अशा साथीत संपूनही जाऊ शकतो. पिसाळलेला लांडगा वाड्यावर आला तर माणसंही मरतात. म्हणजे बालाघाटावरच्या लांडग्याच्या आरोग्याचं काम धनगराच्या कुत्र्याला टोचायच्या लशीपासून सुरू होतं. हे तिला कुणी सांगितलं नाही. वाड्यावर वाढली होती म्हणून सुचलं.

मराठवाड्यात घनदाट जंगल थोडं, माळ आणि शेतं जास्त. इथला वन्यप्राणी माणसाच्या जनावरांतूनच वाट काढत जगतो. डिसेंबर २०२४ मध्ये येडशी रामलिंग घाट अभयारण्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याकडून आलेला वाघ कॅमेऱ्यात दिसला, तेव्हा त्या भागात आधी बोलणं सुरू झालं ते मारलेल्या गायी-वासरांचं. अशा वेळी भरपाईसाठी वनविभाग पंचनामा करतो आणि जनावराची किंमत ठरवायला पशुधन विकास अधिकारी, म्हणजे जनावरांचा सरकारी डॉक्टर, लागतो. गोठ्यातला डॉक्टर आणि वाघ यांच्यात इथं फार अंतर नाही.

गेल्या वर्षी सुट्टीत मधलीनं तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना गाठलं. लस ती स्वतः देऊ शकत नव्हती, नोंदणी झालेली नाही. डॉक्टरांनी एक रविवार दिला. तीन वाड्यांवरची अकरा कुत्री, रेबीजची लस. कुत्री धरायचं काम तिचं आणि अण्णांचं. शिकायला लागल्यावर तिनं स्वतः आधीच प्रतिबंधक लस घेतली होती, अण्णांनी घेतलेली नव्हती. म्हणून तोंडाकडची बाजू तिनं धरली. शेजारच्या वाड्यावरचा म्हातारा आधी तयार नव्हता, सुईनं कुत्रं मऊ पडतं म्हणाला. त्याचं कुत्रं शेवटी घेतलं.

पुढं काय, ते अजून ठरलेलं नाही. आंतरवासिता व्हायची आहे. पशुधन विकास अधिकाऱ्याची परीक्षा द्यायची की पदव्युत्तरला वन्यजीव आरोग्याकडं वळायचं, यावर ती आणि मी अजून भांडतो. अण्णांचं मत तालुक्यात दवाखाना टाकावा असं आहे. त्या रविवारी डॉक्टर गेल्यावर मधली वहीत कुत्र्यांची नावं, रंग आणि लसीची तारीख लिहीत बसली होती. अण्णांनी वही बघितली आणि पुढचं टोचण कधी ते विचारलं. पुढच्या सालच्या याच महिन्यात, तिनं सांगितलं. तेव्हा कळप कुठं असेल याचा त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, “गंगथडीला असल. तितल्या डॉक्टराचा नंबर लिहून ठेव.”